राजीखुशीचा अंगठा

९ जानेवारी १९७३, मंगळवार

सूतगिरणीच्या पगार विभागाचा चार्ज आज माझ्याकडे आला. जुने हेडक्लार्क निवृत्त झाले. मॅनेजर लालासाहेब म्हणाले, "आकारामराव, सध्या तात्पुरतं. कायम करायचं ते मार्चअखेर बघू." लालासाहेब आमच्या चेअरमनसाहेबांचे चुलतपुतणे. त्यांनी माझ्या नावापुढे राव लावलं, हे पहिल्यांदाच.

पदाबरोबर दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. हरणानं दुपारीच जमीन सारवून घेतली. मला मात्र सकाळपासून धास्ती. चारशे माणसांचा पगार. एक आकडा चुकला तर सगळे माझ्याकडे बघणार.

हरणा सातवी पास आहे. जुन्या चाळीत असताना सकाळपाळी सुटल्यावर ती गिरणीतल्या बायांना पाटीवर अक्षरं गिरवायला बसवायची. इथंही तेच चालू करणार म्हणते. मी म्हटलं, साहेबांचा जायचा-यायचा रस्ता आहे, जरा मागच्या बाजूला बसवत जा.

१७ जानेवारी, बुधवार

बोर्डाचा ठराव आला. दुष्काळ हटेपर्यंत प्रत्येक कामगाराचा महिन्याला एक दिवसाचा पगार दुष्काळ निधीला. चेअरमनसाहेब स्वतः माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला जाऊन आले. माणसं उन्हात खडी फोडतायत, जनावरांना काडी नाही, असं सांगताना त्यांचा आवाज बसला होता. ते खोटं नव्हतं.

सांगलीहून फॉर्म छापून आले. 'मी राजीखुशीने माझ्या पगारातून' अशी सुरुवात. खाली सही किंवा अंगठा.

लालासाहेब म्हणाले, "सक्ती अजिबात नाही. पण शंभर टक्के व्हायला पाहिजेत."

सक्ती नसेल तर शंभर टक्के कसे व्हायचे, हे मी विचारलं नाही. तेव्हा सुचलंच नाही. आता लिहिताना सुचलं.

२७ जानेवारी, शनिवार

दहा दिवस फॉर्म गेटवर ठेवले. आधी फॉर्म, मग हजेरी, अशी व्यवस्था लालासाहेबांनी सांगितली. तोंडीच. कुणी कुरकुरलं, कुणी हसून सही केली. फिटर ज्ञानू युनियनचं काम बघतो, त्यानं सही केली पण म्हणाला, "आकारामभाऊ, ह्याला राजीखुशी म्हनत्यात व्हय?" मी पुढच्याला हाक मारली.

सुताच्या लडी करणाऱ्या रीलिंग खात्यातल्या अकरा बाया राहिल्या. त्यांचं म्हणणं, घरी विचारून सांगतो. पुढे राहीबाई. ही माण तालुक्यातली, दोन वर्षांपूर्वी इकडे आली. वय चाळीसच्या आसपास असेल. बोलते कमी, पण हलत नाही. त्यांची हजेरी मी लावून घेतली. बायामाणसांना बाहेर काय उभं करायचं.

लालासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "समजावा."

४ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी असून साहेबांनी ऑफिसात बोलावलं. चहा त्यांनी स्वतः ओतला. "उद्या यादी चेअरमनसाहेबांपुढे जायचीय, आकारामराव. अकरा बायांपायी चारशे माणसांचं पुण्य अडलंय. तुम्ही बघा काय ते." आणि ते बंगल्यावर निघून गेले.

अकरा फॉर्म पूर्ण केले.

अडाणी बाया, त्यांनी तरी काय वेगळं केलं असतं. आज ना उद्या दिलाच असता अंगठा. काम पुण्याचंच आहे. याहून जास्त लिहीत नाही.

घरी आल्यावर हात रॉकेलनं धुतले. हरणानं विचारलं काय झालं. शाईचं पॅड सांडलं, म्हणालो.

७ फेब्रुवारी, बुधवार

पगाराचा दिवस. बायांचा पगार फळीच्या पलीकडे कॅशियर वाटतो, सह्यांचं पुस्तकही त्याच्याकडेच असतं. पगार घेऊन राहीबाई फळीला वळसा घालून माझ्या टेबलाशी आली.

"साहेब, माजा एक दिवस कुठं गेला?"

"तुम्हीच दिलाय की, मावशी. दुष्काळाला."

"मी? कवा?"

"फॉर्म आहे तुमचा."

"दावा."

"साहेबांच्या कपाटात आहे. नंतर बघू."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पेनात शाई भरायला घेतली. पेन भरलेलं होतं.

११ फेब्रुवारी, रविवार

दुपारी बाया हरणाकडे आल्या. मी आत झोपल्यासारखा पडून होतो. थोड्या वेळानं राहीबाई उंबऱ्याशी आली. "साहेब, जागं असाल तर बोलायचं हुतं." उठावं लागलं.

ती खाली बसली नाही. म्हणाली, "माजा भाऊ खडी फोडतोय. त्येची चार पोरं. म्हैन्याला मनिऑर्डर जातीया तवा चूल पेटती. माज्या घरातच दुष्काळ हाय, साहेब. मी दुष्काळाला कशी दिऊ?"

मी म्हटलं, साहेबांशी बोलतो.

"आनि दिलंबी असतं," ती म्हणाली. "एक येळ उपाशी ऱ्हाऊन दिलं असतं. पर इचारा की. कष्टाचा पैसा माजा हाय."

हरणा दारात उभी होती, हातात कुणाचीतरी पाटी. 

साहेबांशी बोलेन. उद्या नको, उद्या त्यांच्याकडे पाहुणे आहेत.

२५ फेब्रुवारी, रविवार

साहेबांशी बोलणं झालं नाही.

गिरणीच्या आवारातून आज कडब्याचा ट्रक दहिवडीला सुटला. कापडी फलक, हार, नारळ. फोटोग्राफर आला होता. चेअरमनसाहेबांनी मला हाताला धरून रांगेत घेतलं. ट्रक निघाला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. त्या कडब्यानं कुठली तरी गाय जगेल. मग मी काय वाईट केलं?

संध्याकाळी ज्ञानू भेटला. अकरा बायांनी सांगलीला सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज केलाय. संमती दिली नसताना पगार कापला, असा. "अर्ज मी लिवून दिला," तो म्हणाला. "तुमाला आदी सांगतो, भाऊ. तुमी वंगाळ मानूस न्हाई."



५ मार्च, सोमवार

सांगलीहून पत्र आलं. वीस तारखेला सुनावणी, मूळ फॉर्म घेऊन हजर राहावे.

लालासाहेब शांत होते. त्यांनी फॉर्म चाळले आणि म्हणाले, "अंगठ्याला साक्षीदार लागतो, आकारामराव. 'माझ्यासमोर अंगठा दिला' एवढं लिहून खाली सही करा. फॉर्म तुम्हीच घेतलेत, तेव्हा तुम्हीच साक्षीदार." मी पेन उघडलं नाही, तर म्हणाले, "तुमची कायम करायची ऑर्डर टाईप झालीय. सहीसाठी ठेवलीय फक्त."

अकरा सह्या केल्या. माझी सही चांगली आहे, वळणदार. साहेब स्वतः कशावर सही करत नाहीत. मोठ्या माणसांना वेळ कुठला. पण त्यांनी माझी काळजी घेतली. साक्षीदार नसता तर फॉर्म टिकले नसते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

७ मार्च, बुधवार

फेब्रुवारीचाही एक दिवस कापलेला बघून अकरा जणींनी पगार घेतला नाही. गेटबाहेर कडुनिंबाखाली बसून राहिल्या. राहीबाईची या महिन्याची मनिऑर्डर गेली नसणार.

१० मार्च, शनिवार

आज हरणानं माझ्यापुढे जेवणाच्या ताटाऐवजी पाटी ठेवली. वेड्यावाकड्या अक्षरांत 'राहीबाई' लिहिलेलं. 'ही'ची वेलांटी पार खाली ओढलेली.

"ही राहीबाईची पाटी," ती म्हणाली. "दिवाळीपासनं ती सही करतीया. जानेवारीच्या पगारालाबी केली, पुस्तकात बघा. तिनं तुमच्यासमोर अंगठा दिला, असं तुमी कागदावर लिवून दिलंय म्हनं."

"कोण म्हणालं?"

"ज्ञानूभाऊजी. सांगलीला कागदांच्या नकला गेल्यात, तिथं बघून आला."

 तिनं पाटी उचलली. "त्या आयतवारी तुमी रॉकेलनं हात धूत हुता," असं म्हणाली आणि ताट वाढायला गेली.  

तिला कधीपासून माहीत होतं? मी तिला विचारू शकत नाही. विचारलं तर आधी मला काहीतरी सांगावं लागेल.

१४ मार्च, बुधवार

धीर करून साहेबांकडे गेलो. राहीबाई सही करते, सांगितलं.

ते खुर्चीत मागे रेलले. आज आकारामराव नाही, नुसतं आडनाव. "शेवाळे, फॉर्म कसे भरले ते मला काय माहीत? मी पूर्ण करायला सांगितलं होतं. खोटे करायला सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, तुम्ही म्हणालात, बघा काय ते.

"मग? नीट बघायचं होतं." मग आवाज उतरवून म्हणाले, "घाबरू नका. तिचा मूळ फॉर्म गहाळ झाला म्हणू, नुसत्या नकलेवर कोण काय ठरवणार? बाकी दहा आहेत ना? त्या कुठं सही करतायत? त्या काय म्हणतात त्यापेक्षा तुमची साक्ष मोठी."

बाहेर आलो तेव्हा रीलिंग खात्याची पाळी सुटत होती. कुठं बघू कळेना. भिंतीवरची नोटीस वाचत उभा राहिलो. ती मीच लावली होती.

१७ मार्च, शनिवार

तीन दिवस काम चुकतंय. आज एकाच माणसाची हजेरी दोनदा मांडली. हरणाचा भाऊ कोयनानगरला प्रकल्पावर आहे, त्याच्याकडे आजारपणाचं निमित्त करून निघून जावं असं मनात आलं. मग कळलं, मी गेलो तरी कागद इथंच राहणार.

साक्ष दिली तर नोकरी राहते, क्वार्टर राहतं. आणि त्या दहा जणी खोट्या ठरतात. खरं बोललो तर मी खोटा. मधलं काही नाही. मी खूप शोधलं.

२० मार्च, मंगळवार

जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण पुढे मला वेगळं आठवेल.

अधिकारी पन्नाशीचे, सर्दी झालेली, सारखे नाक पुसत होते. लालासाहेब आणि मी बाकावर बसलो. अकरा बाया भाकरीची गाठोडी घेऊन भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. अधिकारी म्हणाले, वर खुर्च्या आहेत, बसा. त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि उठून खुर्च्यांवर बसल्या. ज्ञानू मागे उभा होता.

लालासाहेबांनी सांगितलं, सगळ्यांनी स्वखुशीनं दिलं, चांगलं काम आहे, एक मूळ फॉर्म गहाळ आहे.

अधिकारी म्हणाले, "काम चांगलं आहे, त्याबद्दल कोण काय म्हणतंय? पण माणसानं स्वतः होऊन लिहून दिलं नसेल, तर दानाच्या नावानंसुद्धा त्याच्या पगाराला हात लावता येत नाही." मग दोन फॉर्म शेजारी-शेजारी धरून त्यांनी चष्मा वर केला. बराच वेळ बघितलं. मला म्हणाले, "साक्षीदार तुम्ही?"

"हो."

"या सगळ्यांनी तुमच्यासमोर अंगठे दिले?"

मी फॉर्मवरची माझी सही बघत बसलो. लालासाहेबांनी बुटानं माझा पाय दाबला.

अधिकाऱ्यांनी अकराजणींतल्या साळूबाईला पुढे बोलावलं आणि शाईचं पॅड सरकवलं. तिनं हात पुढे केला. मी तो हात पहिल्यांदा जवळून बघितला. सूत धरून धरून अंगठ्यावर चिरे पडलेले, आडवे, काही ओले. रेषा जवळपास उरल्याच नव्हत्या. फॉर्मवरचा अंगठा गुळगुळीत, भरलेला, कारकुनाचा. हे कुणालाही दिसलं असतं. ती बोट पॅडवर ठेवणार, तेवढ्यात मी उठलो.

"तिचं बोट काळं करू नका, साहेब. अंगठे माझे आहेत. अकराही."

 अधिकाऱ्यांनी विचारलं, कुणी सांगितलं? मी साहेबांचं नाव घेतलं, रविवारचं सगळं सांगितलं. "लेखी आहे काही?" नाही. लालासाहेब म्हणाले, "हा माणूस बढतीसाठी काय वाटेल ते करतो." हेही सगळं खोटं नव्हतं.

हुकूम झाला. कपात बंद. संमतीशिवाय घेतलेलं सगळं परत. पुढे कुणाला द्यायचंच असेल तर प्रत्येकाला वेगळं विचारायचं, गेटवर नाही, हजेरीला जोडून नाही, आणि नाही म्हणणाऱ्याला त्रास द्यायचा नाही. मग अधिकारी बायांना म्हणाले, खोट्या अंगठ्याची गोष्ट वेगळी. पोलिसात फिर्याद द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

एसटीत त्या पुढे बसल्या, मी मागे. कुणी मागे वळून बघितलं नाही. ज्ञानू माझ्या शेजारी येऊन बसला.

घरी हरणाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यास्नी काय म्हनलात?"

"कुणाला?"

"बायांस्नी."

त्यांना मी काहीच म्हटलं नव्हतं.

२३ मार्च, शुक्रवार

कामावरून काढल्याचं पत्र आलं. माझ्याच टाईपरायटरवर टाईप केलेलं, त्याचा 'र' वर उडतो. महिनाअखेर क्वार्टर सोडायचं. मलकापूरला मामांच्या लाकडाच्या वखारीत काम मिळेल, असं पत्र आलंय. फौजदार आला तर तेही जाईल. रस्त्यावर सायकल थांबली की मी खिडकीतून बघतो.

१ एप्रिल, रविवार

सामान काल हललं. हरणा पुढे मलकापूरला गेली. मी ज्ञानूकडे मुक्काम केला, कारण जायच्या आधी अकरा दारं करायची होती.

साळूबाईनं पाणी दिलं. मनुबाईनं दार लावून घेतलं. बनाबाईच्या नवऱ्यानं शिव्या दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या. प्रत्येकीला तेच म्हणालो. तुमच्या नावानं खोटा अंगठा मी दिला, माझी चूक आहे, फिर्याद न करण्याबद्दल विचारायला आलोय, पण तुम्ही ठरवाल ते.

राहीबाई शेवटची. ती जोंधळे पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"माजं नाव लिवाय मला चार म्हैनं लागलं," ती म्हणाली. "तुमच्याच वसरीला बसून शिकले. आनि तुमी त्येच्यावर अंगठा ठिवला."

"मला माहीत नव्हतं तुम्ही सही करता."

"म्हाईत करून घ्यायचं हुतं. मी काय लांब हुते?"

 मग म्हटलं, "फिर्यादीचं काय ते..."

"आता इचारताय?"

"हो. विचारायलाच आलोय."

"मग लगीच हुकार कसा दिऊ? आमी अकराजनी बसतो. बसून सांगतो. न्हाईबी म्हनू."

"म्हणा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार. ते तिच्या हातात होतं.

४ एप्रिल, बुधवार

निरोप आला. ज्ञानू घेऊन आला, अजून त्याच्याकडेच आहे मी. फिर्याद करणार नाहीत. पण एक अट. शनिवारी पगाराच्या दिवशी गेटवर, सगळ्या पाळ्यांसमोर, मी आपल्या तोंडानं सांगायचं. कारण गिरणीत अजून निम्मी माणसं म्हणतायत की बायांनीच अंगठे देऊन मग फिरवले.

फौजदार परवडला असं क्षणभर वाटलं. हो म्हणून सांगितलं.

७ एप्रिल, शनिवार

गिरणीच्या आत मला जाता येत नाही. म्हणून फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली. भोंगा झाला, एक पाळी सुटली, दुसरी यायची होती. तीनेकशे माणसं असतील. आज कापलेले पगार परत मिळाले होते. त्याबरोबर नवे फॉर्मही ठेवले होते, वेगळ्या टेबलावर. ज्ञानूनं सांगितलं, निम्म्याहून जास्त लोकांनी परत दिलं, त्यानं स्वतःही दिलं. राहीबाईनं दिलं नाही. तिला कुणी का म्हणून विचारलं नाही.

ज्ञानूनं चहावाल्याचं बाकडं आणलं. मी वर चढलो. बाकडं डुगडुगत होतं. लालासाहेबांची जीप आत उभी होती. काच वर होती.

काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. ते सगळं विसरलो. फक्त नावं आठवत होती, कारण ती मी फॉर्मवर लिहिली होती. म्हटलं, ज्या बायांच्या नावानं मी खोटे अंगठे दिले, त्यांची नावं आधी घेतो.

"साळूबाई."

गर्दीतून आवाज आला, "हाय."

मला ते अपेक्षित नव्हतं. हजेरीसारखं. मी थांबलो, मग पुढचं नाव घेतलं. "मनुबाई." "हाय." "बनाबाई." "हाय." प्रत्येक नावाला माणसं त्या-त्या बाजूला वळून बघत होती. कुणी हसलं नाही. दहा नावं झाली.

"राहीबाई."

ती समोरच उभी होती, डोक्यावरचा पदर सावरत. बोलली नाही. माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ गेला की मागची माणसं माना उंच करू लागली. मी नाव परत घेतलं नाही. तिला हवं तेव्हा ती बोलेल, नको असेल तर नाही.

मग ती म्हणाली, "हाय. बोला आता."

मी बोललो.